खाऱ्या वाऱ्याचं मशीन

मोतीराम गेल्याला आज सातवा दिवस. पुण्यानुमोदन सकाळीच आटोपलं. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, बजाजनगरातली शे-सव्वाशे माणसं पांढऱ्या कपड्यांत मांडवाखाली बसली, दोन-चार जणांनी उभं राहून गुणगान केलं, मग सगळे जेवले आणि मे महिन्याच्या उन्हाला नावं ठेवत आपापल्या घरी गेले. मोतीराम एसी-कुलरचे मिस्त्री होते. बोलणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "मोतीरामदादांनी वाळूजच्या निम्म्या साहेबांना थंड ठेवलं," तेव्हा मांडवातले लोक जरा हसलेही. मयताच्या घरी एवढं हसू चालतं.

आता घरात घरचीच उरली होती, आणि खरा कार्यक्रम आता सुरू होणार हे स्वयंपाकघरात खिरीचं पातेलं घासत बसलेल्या सरिताला पक्कं ठाऊक होतं. थोरली सून म्हणून या घरात तिची बावीस वर्षं गेली होती. पाहुणे असेपर्यंत हे लोक रडतात आणि पाहुणे गेले की भांडतात, हा तिचा अनुभव. तिनं नळ बारीक केला, म्हणजे बाहेरचं नीट ऐकू येईल.

बाहेरच्या खोलीत कॉटवर फकिराकाका बसले होते, मोतीरामांचे धाकटे भाऊ, अजिंठ्याहून आलेले. त्यांच्या पायाशी नणंद मेघा. पंख्याखालच्या खुर्चीत सरिताचा नवरा राजेंद्र, दाढी वाढलेला, नजर फरशीवर. दाराशी धाकटा दीर अतुल आपली बॅग बंद करत होता. पाच वाजता त्याची पनवेलची गाडी होती, तिथून पुढं अलिबाग. घरी त्याच्या बायकोला, सोनियाला, आठवा महिना लागलेला. आणि आबांच्या, म्हणजे मोतीरामांच्या, खोलीच्या बंद दाराला पाठ लावून सासूबाई, मनकर्णाबाई, बसल्या होत्या. सात दिवस त्या तिथंच बसत होत्या आणि सात दिवसांत अतुलशी त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यानं पाणी दिलं तर घेत, पण तोंड वर करत नसत.

"मला एक कळंना," फकिराकाका म्हणाले, "डॉक्टरनं जिना चढू नको म्हनलं, उन्हात जाऊ नको म्हनलं. एकाहत्तर वर्षांचा मानूस, काळीज धड चालत नाय, आन त्यो भर दुपारी हत्याराची पेटी घेऊन तेरा पायऱ्या चढतो. काहून? वैनीचा डोळा चुकवून चढला, ते का हौस म्हनून?"

काहून ते सगळ्यांना माहीत होतं. आबांच्या छातीला कुलरची ओली हवा चालेना, म्हणून मार्चमध्ये त्यांच्या खोलीत एसी बसवला होता. अतुलनं अलिबागहून आणून, स्वतःच्या हातानं. दीड महिना बरा चालला. मग ते गेले त्या आठवड्यातल्या रविवारी त्यातून गरम वारा यायला लागला, बाहेर त्रेचाळीसचा पारा. गुरुवारी दुपारी आबा तांब्याच्या नळ्या सांधायची ब्रेझिंगची टॉर्च घेऊन तो दुरुस्त करायला गच्चीवर गेले. शिवणक्लासवरून आल्यावर पावणेचारला सरिता वाळलेल्या कुरडया काढायला वर गेली, तेव्हा एसीच्या बाहेरच्या मशीनजवळ ते पालथे पडलेले होते. एका हातात सांधायचा रॉड तसाच होता.

"मीच सांगतो काहून," फकिराकाकांनी आवाज चढवला. "पोरानं कुनाच्या बंगल्यातलं भंगार आनलं आन बापाच्या उशाशी ठोकलं, म्हनून. अतुल, तू लेकरा तिकडं समिंद्राकाठी लोकांना नवे नवे एसी बसवतो. बापालाच जुना सापडला व्हय तुला?"

"काका, जाऊ द्या ना आता," सरिता आतून म्हणाली.

"कसं जाऊ दे, सूनबाई? मानूस गेला."

मेघा इतका वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत होती. तिनं अतुलला अंगाखांद्यावर वाढवलेला. घरात कुणी त्याच्याविरुद्ध ब्र काढला की ती अंगावर येत असे. आता ती आपली बाजू घेईल म्हणून अतुलनं तिच्याकडं बघितलं.

"तू मला फोनवर नवा म्हणालास," मेघा म्हणाली.

"ताई, दोनच वर्षं वापरलेला होता. त्या बंगल्यावर मालक महिन्यातून दोनदा येतात."

"मला नवा म्हणालास, अतुल. मी माझ्या शाळेत सगळ्या बायांना सांगितलं, माझ्या भावानं आबांना नवा एसी घेऊन दिला." तिचा आवाज चिरकला. "आणि त्याला रंग कशाला दिला होतास?"

हा प्रश्न आत कुणाला लागला असेल तर तो अतुललाच. त्यानं बॅगेची चेन अर्धी लावली होती, ती तशीच राहिली.

रंग कशाला दिला, हे त्याला नीट माहीत होतं. अलिबागला खाऱ्या वाऱ्यात बाहेरचं मशीन तीन-चार वर्षंच टिकतं. जाळीवर आधी पांढरी भुकटी धरते, मग जाळी बोटानं चुरते, मग आतली तांब्याची नळी टाचणीच्या टोकाएवढी फुटते आणि गॅस निघून जातो. अकरा वर्षांपूर्वी भावाचं एसी दुरुस्तीचं दुकान सोडून तो तिकडं गेला तेव्हा ऐटीत म्हणाला होता, "इथं चार महिन्यांचं काम. तिथं वारंच आपलं पोट भरतं." त्या बंगल्यातल्या मशीनवर पांढरी भुकटी त्यानं पाहिली होती. ब्रशनं झाडली, जाळी धुतली, वरून करडा रंग मारला आणि स्वतःची समजूत घातली की संभाजीनगरच्या कोरड्या हवेत हा रोग पुढं सरकणार नाही. तिथं कुठं समुद्र आहे? आपल्या धंद्यातलं इतकं कच्चं गणित त्यानं कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगितलं नसतं. बापाच्या बाबतीत मात्र ते त्याला खरं वाटलं, कारण त्याला ते खरं हवं होतं.

अतुलला आबांचं काहीतरी फेडायचं होतं. त्याचं लग्न झालं त्या उन्हाळ्यात आबांनी दहा दिवस खपून एक कुलर बनवला होता. जाड पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्या लावलेला, गुलाबी रंगाचा. नव्या जोडप्याला घाम येऊ नये म्हणून ट्रकमध्ये घालून तो अलिबागला पाठवला. जन्म मराठवाड्यात गेलेल्या माणसाला कुलर म्हणजे गारवा, एवढंच ठाऊक. तिकडच्या हवेत तो लावला आणि दोन दिवसांत गाद्या दमट, मिठाचं पाणी, काडेपेटी पेटेना. शेजारीपाजारी हसले. अतुलनं तो परसात टाकला आणि एका पावसाळ्यात त्याचा पत्रा गेला. पुढच्या वर्षी आबा आले तेव्हा त्यांनी त्या गंजलेल्या डब्यावरून हात फिरवला आणि आपलेच हसले. "इथली हवाच पिऊन बसलेली हाय," म्हणाले, "तिला मी आनखी काय पाजनार?" हसले खरे, पण नंतर ते अलिबागला कधी आले नाहीत.

"काका बरोबर म्हणताहेत," अतुल म्हणाला. "भंगारच आणलं मी. गंज दिसू नये म्हणून रंग दिला, ताई. कसूर माझाच हाय. आबांना मी मारलं म्हणा, चालंल मला."

तो उठला, बॅग खांद्याला लावली आणि आईसमोर जाऊन वाकला. मनकर्णाबाईंनी पाय साडीत ओढून घेतले. तो तसाच वाकलेला राहिला.

"माय, निघतो. बाळ झालं की फोन करतो." थोडं थांबून तो म्हणाला, "मी पुन्हा या घरी नाय येणार. तुला माझं तोंड बघू वाटत नाय, ते कळतंय मला."

मनकर्णाबाईंनी तोंड भिंतीकडं वळवलं.

राजेंद्र हे सगळं खुर्चीतून बघत होता. धाकट्याला असं मान खाली घातलेलं बघायची अकरा वर्षांची त्याची इच्छा होती. शिकवून सवरून तयार केलेला भाऊ ऐन हंगामात दुकान सोडून गेला, आणि आबा तरीही येणाऱ्या-जाणाऱ्याला धाकट्याचंच कौतुक सांगायचे. घरात राहणाऱ्याचं कौतुक कोण करतं? रोज दिसणाऱ्याला कुणी ओवाळत नाही. आता सगळे त्याच्या मनासारखं बोलत होते, पण त्याला ते ऐकवत नव्हतं.

त्या रविवारी संध्याकाळी आबांनी त्याला वर पाठवलं होतं. त्यानं मशीनचं झाकण काढलं. दुसऱ्या ओळीतल्या नळीच्या वळणावर तेलाचा डाग होता. तेलाचा डाग म्हणजे गळती, हे दुकानातला नवशिकाही सांगेल. टॉर्चनं एक टाका मारून भोक बुजवायचं, गॅस भरायचा. मे महिन्यात राजेंद्र अशी चार कामं दिवसाला उरकत असे. त्यानं तो डाग बघितला, त्या डागाभोवतीचा करडा रंग बघितला, आणि झाकण परत लावून तो खाली आला.

"अतुलचं मशीन हाय, आबा," तो म्हणाला होता. "दुसऱ्याच्या हाताचं मशीन त्याला बोलावल्याबिगर उघडायचं नाय. तुम्हीच शिकवलं."

ती खरोखर आबांचीच शिकवण होती. छावणीत साहेब लोकांच्या मेसचे एसी सांभाळायचे तेव्हापासून त्यांनी ती पाळली. दुसऱ्या मिस्त्रीनं बसवलेलं यंत्र आपण उघडलं की त्याची चूक चव्हाट्यावर येते, त्याची भाकरी जाते. आधी त्याला निरोप द्यायचा, त्याला दुरुस्त करायची संधी द्यायची. माणसाची अब्रू राखायची म्हणून केलेली ही रीत. राजेंद्रनं ती अब्रू घ्यायला वापरली, आणि आबांना ते कळलं होतं. त्यांनी थोरल्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "व्हय. मीच शिकवलं." मग अतुलला फोन केला. तो पुढच्या रविवारी येतो म्हणाला. मधले दिवस राजेंद्रनं आबांच्या उशाशी टेबलफॅन लावला आणि खिडकीला ओली चादर बांधली. तेवढं केलं.

पातेलं आपटल्याचा आवाज आला. सरिता ओल्या हातांनी दारात उभी होती.

"अहो," ती राजेंद्रला म्हणाली, "तुम्ही बोलता का मी बोलू?"

"काय बोलायचंय?" फकिराकाकांनी विचारलं.

"ते सांगतील. नाय सांगितलं तर मी सांगते. सात दिवस वाट बघितली मी. आता त्यो पोरगा घर सोडून चाललाय, मला नाय बघवत." सरिताचे डोळे भरले, पण तिनं ते पुसले नाहीत. बाप-लेकाचं त्या रविवारचं बोलणं तिनं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. बावीस वर्षांत ती नवऱ्याविरुद्ध चारचौघांत कधी बोलली नव्हती.

राजेंद्र खुर्चीतून उठला. बसून बोलणं त्याला जमलं नसतं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "रविवारीच माहीत होतं कुठं गळतंय ते. मी बघून आलो आन नाय केलं."

"काहून?" मेघानं विचारलं.

"अतुलनं येऊन करावं म्हनून. त्यानं यावं, उघडावं, आन आबांच्या पुढं त्याला बोलता यावं मला... की बघा, काय आनलं यानं. म्हनून नाय केलं."

पंखा फिरत होता. बाहेर मांडववाला बांबू सोडत होता, त्याचा आवाज येत होता.

अतुलच्या खांद्यावरची बॅग खाली आली. "किती वेळाचं काम होतं, भाऊ?"

"अर्ध्या तासाचं."

"अर्ध्या तासाचं." अतुल त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिला. "आन सात दिवस मी इथं सगळ्यांची बोलनी खाऊ राहिलो, आन तू खुर्चीत बसून ऐकू राहिला. चिता पेटवताना माझा हात धरलास तू. माझा हात धरून रडलास! बोलायचं नाय तवा?"

"व्हय. बोलायला पाहिजे होतं."

"अरे, शिवी दे मला, मार मला, पन आबांचा काय गुन्हा होता रं?" अतुलनं त्याच्या सदऱ्याला हात घातला. राजेंद्रनं सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही, उलट हात खाली सोडून दिले, आणि त्यामुळंच अतुलला पुढं काही करता आलं नाही. तो भिंतीशी जाऊन टेकला आणि लहान मुलासारखा मोठ्यानं रडायला लागला. मेघा उठून त्याच्याजवळ गेली. त्यानं तिचा हात झिडकारला, तिनं पुन्हा ठेवला.

फकिराकाकांना आता बाजू बदलायला वेळ लागला नाही. "म्हंजे थोरल्यानंच घात केला की! मी धाकट्याला बोलतोय आपला येड्यासारखा. राजेंद्र, तुझ्या बापानं तुला धंदा दिला, छप्पर दिलं, आन तू—"

"भाऊजी, गप बसा."

मनकर्णाबाई बोलल्या होत्या. आवाज इतका बारीक होता, की फकिराकाकांना आधी तो मेघाचा वाटला.

"वैनी, मी तुमच्याच बाजूनं—"

"माझी बाजू नका घेऊ. माझ्याकडं बाजू नाय." त्यांनी दाराचा आधार घेऊन जरा सरळ बसायचा प्रयत्न केला. "ते माझा डोळा चुकवून नाय गेले वर. मला सांगून गेले. पेटी मी नेऊन दिली."

सरिता तिथंच उंबऱ्यावर बसली.

मनकर्णाबाई बोलत होत्या ते कुणाकडंच न बघता. सात दिवस हेच त्या मनात घोळवत होत्या, पण मनातल्या शब्दांना जो क्रम होता तो तोंडी येताना राहिला नाही. आधी त्यांनी टॉर्चची टाकी वर नेली, मग पेटी. गुडघे दुखत होते म्हणून दोन खेपा. मग त्या खाली येऊन आबांच्या मागं मागं चढल्या. ते एक पायरी चढत आणि थांबत, पुन्हा एक चढत. नको म्हटलं नव्हतं का? म्हटलं होतं. पण पंचेचाळीस वर्षं ज्यांच्या हातात पाना-पक्कड दिली त्यांना नको किती वेळा म्हणायचं? आणि खरं सांगायचं तर त्यांना बरंही वाटलं होतं. खाटेवर पडून पडून राख झालेल्या तोंडावर जरा रंग आला होता.

"म्हनले, रविवारी पोरं समोरासमोर आली की भांडतील," त्या म्हणाल्या. "त्याच्या आत मी करून ठेवतो. अतुलला सांगायचं, राजूनं केलं. राजूला सांगायचं, अतुलनं मिस्त्री धाडला होता. दोघांचीबी अब्रू राहील, म्हनले. मला म्हनले, तू फक्त तोंड उघडू नको."

राजेंद्रनं डोळ्यांवर हात धरले.

"मंग मला साबनाचं पानी आनायला खाली पाठवलं. टाका मारून झाला की फेस लावून बघायचा, गळतं का ते. मी आले खाली. बादलीत साबन कालवला. फेस बी झाला. जरा गुडघे दुखले म्हनून या इथं पंख्याखाली टेकले." त्या थांबल्या. "डोळा लागला माझा. ते वर उन्हात, आन मी इथं झोपले. सरिता वराडली तवा जागी झाले. बादली माझ्या पायाशीच होती."

"माय," अतुल म्हणाला.

"तुझं तोंड कसं बघू मी? तुला समदे बोलत होते, आन मला खरं बोलायचा धीर होईना. तू पाया पडायला आला तर मला पाय लपवावे वाटले."

अतुल गुडघ्यांवर तिच्यापर्यंत गेला आणि तिच्या मांडीत त्यानं डोकं खुपसलं. तिनं त्याच्या केसांवर हात ठेवला, पण डोळे कोरडेच होते. ती राजेंद्रकडं बघत होती.

"राजू, मला एकच लागून राहिलंय," ती म्हणाली. "फेस लावायचा राहिला. टाका धरला का नाय, ते त्यांना कळलंच नाय. तेवढं बघून या दोघं. जा."

फकिराकाका काही म्हणणार होते, पण मेघानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

गच्चीवर ऊन पांढरंफटक पडलं होतं. चपलेतूनही फरशी भाजत होती. राजेंद्रनं नळीत दाब भरायला नायट्रोजनची टाकी वर आणली, अतुलनं दाब मोजायचा गेज आणि नळ्या. सरितानं जिन्यातून साबणाचं भांडं दिलं आणि ती परत गेली. बोलायची गरज नव्हती, आबांनी दोघांना एकाच पद्धतीनं शिकवलं होतं. एकानं नळी जोडली तोवर दुसऱ्यानं झाकणाचे स्क्रू काढून खिशात टाकले.

दुसऱ्या ओळीतल्या वळणावर तो टाका होता. नळीला गोल बसलेला, पिवळा, एक थेंब इकडं ना तिकडं. आबांचे हात वर्षभर थरथरत होते, चहाची बशी त्यांना धरवत नव्हती. हा टाका मात्र वीस वर्षांपूर्वीच्या आबांनी मारल्यासारखा होता. अतुलनं त्याला बोट लावायला हात पुढं नेला आणि मागं घेतला.

"मार प्रेशर," तो म्हणाला.

राजेंद्रनं टाकीची चावी फिरवली. काटा चढला. अतुलनं ब्रशनं टाक्यावर फेस लावला आणि दोघंही वाकून बघत राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. फेस तसाच पांढरा राहिला, एक बुडबुडा नाही.

"धरलाय," राजेंद्र म्हणाला आणि मांडी घालून तिथंच तापलेल्या फरशीवर बसला. "आबा, धरलाय."

अतुल रडत रडत हसला. सवयीनं त्यानं ब्रश खालच्या वळणांवर फिरवला. अलिबागला तो नेहमी तसं करत असे, एका ठिकाणी थांबत नसे. तिसऱ्या ओळीत फेस फुगला. मोहरीएवढा बुडबुडा आला, मोठा झाला, फुटला, तिथंच दुसरा आला. पाचव्या ओळीत तीन एका रांगेत. करड्या रंगाखाली कॉइलच्या नळ्यांचं तांबं जागोजाग खाल्लेलं होतं.

दोघं त्या बुडबुड्यांकडं बघत राहिले.

"कॉइल गेलीय पुरी," अतुल म्हणाला. "एक बुजवलं की दुसरं फुटंल. भाऊ, तू रविवारी केलं असतंस ना, तरी चार दिवसांत पुन्हा गरम वारा आला असता."

"चार दिवस तरी मिळाले असते त्यांना," राजेंद्र म्हणाला. "गुरुवार तर गेला असता."

अतुलनं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. अकरा वर्षांत त्यानं पहिल्यांदाच ठेवला होता.

"नवी कॉइल टाकावी लागंल," राजेंद्र म्हणाला. "नायतर मशीनच बदलायचं. या उन्हात आपल्या मायला त्या खोलीत कसं ठेवायचं?"

"कॉइल काढली की आबांचा टाका बी जाईल."

"व्हय."

"मग?"

राजेंद्र काही बोलायच्या आत खालून आवाज आला. जिन्याच्या पहिल्या पायरीशी मनकर्णाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. मेघा त्यांना धरायला आली होती, तिला त्यांनी हातानं मागं सारलं होतं.

"धरला का रं टाका?"

"धरला, माय!" राजेंद्र ओरडला. "पक्का धरलाय!"

"आता कुठं गळत तर नाय ना?"

वर दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"नाय, माय! कुठंच नाय!" दोन्ही आवाज एकदम आले.

मनकर्णाबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. पंचेचाळीस वर्षं त्या मिस्त्रीच्या घरात राहिल्या होत्या. काही गळत नसतं तर राजूनं एव्हाना भरायला गॅसची टाकी वर मागितली असती, आणि अतुल्यानं नळीतली हवा ओढायच्या पंपासाठी वायर सोड म्हणून सरिताला हाक मारली असती. वरून कुणी काहीच मागत नव्हतं. फक्त टाकीची चावी बंद केल्याचा आवाज आला. दोघं खोटं बोलत होते, आणि दोघं एकच बोलत होते.

"बरं," त्यांनी वर तोंड करून म्हटलं. "सावलीला या आता, ऊन लई हाय."

मग त्या पायरीवर बसल्या, आणि सात दिवसांत न आलेलं रडणं त्यांना आलं.